कोंडवाड्यातलं फ्रेंच

मनोहर, तुझ्या अंत्ययात्रेला दहा हजार माणूस होतं.

थांब, उठून बसू नकोस. तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. "तुळश्या, नीट मोज." बरं बाबा, मोजतो. आख्खं केशोरी होतं, आजूबाजूच्या गावांतली माणसं होती आणि डेपोतले तुझे जुने ड्रायव्हर होते. ते एका रांगेत उभे राहिले. तुला उचलायची वेळ झाली तेव्हा त्यांच्यातल्या एकानं हात वर करून दोरी ओढल्यासारखं केलं आणि तोंडानं म्हणाला, "टिंग टिंग." आयुष्यभर कंडक्टर म्हणून तू डबल बेल दिलीस आणि त्यानं गाडी सोडली. त्या दिवशी त्यानं बेल दिली आणि तू सुटलास. रडणारी माणसं हसली, हसणारी रडली. यात माझ्या पदरचं काही नाही. साक्षीदार आहेत.

तू गेल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. परवा पानठेल्यावर मी सांगितलं, की नवेगावच्या तलावात मी एक वाघूर मासा पाहिला, डोकं या काठाला आणि शेपटी पलीकडच्या काठाला. तलावातलं पाणी त्याच्या अंगाला वळसा घालून जात होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "असंल गा." असंल? मनोहर, तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "पलीकडचा काठ तुला इकडून दिसते कसा?" मग मी उत्तर दिलं असतं, तू ते खोडलं असतंस, आणि चहा थंड झाला असता. आता माझं खोटं जिथं टाकतो तिथंच पडून राहते. कोणी उचलत नाही, कोणी परत करत नाही. खोटं बोलायला समोर एक खरं बोलणारा लागते, हे मला या वयात समजलं.

आपलं दोघांचं हे नाटकापासूनचं. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकात तू प्रॉम्प्टर, पडद्यामागं पुस्तक घेऊन बसलेला, आणि मी पुढं उजेडात. लिहिलेलं एक अक्षर तू सोडत नव्हतास आणि लिहिलेल्या एका अक्षराला मी हात लावत नव्हतो. ते खलनायकाचं काम आठव. दुसऱ्या अंकात मी मरायचं असं ठरलेलं. पण लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की मला मरवलंच नाही. तू आतून कुजबुजत होतास, "मर. तुळश्या, मर." मग आवाज चढला, "मर ना बे." शेवटच्या रांगेतल्या माणसानं ते ऐकलं आणि तोही ओरडला, "मर, तो सांगून राहिला ना." मी मेलो नाही. तिसऱ्या अंकात नायिकेच्या लग्नात पंगतीला बसून जेवलो. तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. बोललास तेव्हा पहिलं वाक्य हेच, "तू दुसऱ्या अंकात मेला आहेस. मी मेलेल्या माणसाशी बोलत नाही."

बोलत राहिलास पण. चाळीस वर्षं.

रिटायर व्हायच्या आधीच तू गावाचं वाचनालय अंगावर घेतलंस. वाचनालय म्हणजे जुना कोंडवाडा. आधी त्यात दुसऱ्याच्या धानात शिरलेली जनावरं कोंडायचे, मग टिनं टाकली, कपाटं आली आणि आपण कोंडलो गेलो. लोखंडी फाटक तसंच राहिलं. वाचायला आलेला माणूस आत शिरला की तू फाटक लावून घ्यायचास, गाडीचं दार लावतात तसं, आणि म्हणायचास, "पुढं सरका, मागं जागा नाही." आत दोन माणसं असायची.

आणि तुझा तो नियम. नवं पुस्तक आलं की त्याचं तोंड उघडल्याशिवाय ते कपाटात जाणार नाही. तोंड उघडायचं म्हणजे आयतवारी चार वाजता लोकांसमोर ते मोठ्यानं वाचायचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. का, तर सरकारी योजनेतून पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे आणि सुतळी सुटायच्या आधी वाळवी ते वाचून काढायची. "आपल्या गावात सगळ्यात शिकलेली वाळवी आहे," असं तू म्हणायचास. मग आपण काय काय नाही ऐकलं. धानावरच्या तुडतुड्यांचं पुस्तक तू तीन आयतवार वाचलंस. शेवटच्या पानावर सगुणाआजी डोळे पुसत म्हणाली, "मेले का गा सगळे तुडतुडे?" तू म्हणालास, "आजी, फवारणी केली तर." सगुणाआजीला अक्षर येत नाही, पण तुझ्या वाचनालयातलं तिनं न ऐकलेलं एकही पुस्तक नाही.

त्याच तुडतुड्यांच्या वाचनाला क्लेरबाई हजर होती. ती फ्रान्सहून सारस पाहायला आली होती. सारस राहतात गोंदियाच्या पलीकडं आणि ही चढली केशोरीच्या गाडीत. तुझं नोकरीचं ते शेवटचं वर्ष. अर्ध्या वाटेत तू तिला मोडक्या इंग्रजीत प्रामाणिकपणे सांगितलंस, की बाई, तुम्ही उलट्या दिशेनं चालल्या आहात. ती हसली आणि म्हणाली, मग इकडं कोणते पक्षी आहेत? तू तिला घरी आणलंस आणि ती हिवाळाभर राहिली. मी तिला गावातल्या पक्ष्यांची माहिती दिली. एक पक्षी आमच्याकडं फक्त बाजाराच्या दिवशी ओरडते, असं मी सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. तू दुसऱ्या दिवशी तिला ते खोडायला लावलंस. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. फ्रान्सच्या एखाद्या पुस्तकात आज केशोरीचा बाजार असता.

ती तीनही आयतवार तुडतुडे ऐकत बसली. एक शब्द समजत नव्हता, पण चटईवरून हलली नाही. आणि जाताना तिनं आपली पुस्तकांची पेटी वाचनालयाला दिली. सगळी फ्रेंच.

मी म्हणालो, "ठेव कपाटात. शोभेला बरी आहेत."

तू म्हणालास, "तोंड उघडल्याशिवाय?"

"अबे, समजणार कोणाले?"

"तिला तुडतुडे समजले होते का? बसली ना ती. आता आपण बसायचं."

मी कपाटाचं दार लावलं आणि चटई झटकली. 

वाचायला तिनं तुला शिकवलं होतं. हिवाळाभर तुझी कांता, म्हणजे आमची कांतावहिनी, चुलीपाशी भाकरी थापायची आणि तुम्ही दोघं ओसरीवर नाकातून आवाज काढत बसायचात. तू मला समजावलंस, की फ्रेंच लोक शेवटची अक्षरं लिहितात पण बोलत नाहीत. मी विचारलं, मग लिहितात कायले? तू म्हणालास, "तू बोलतोस ते सगळं लिहितोस का?" आणि मग पहिल्या आयतवारी तू उभा राहिलास. मनोहर, तुझं फ्रेंच ऐकून मला देवरीच्या घाटातली गाडी आठवली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी वाटायचं, आता कोणीतरी उतरणार. लोक गप्प बसून ऐकत होते. पानभर झालं, दुसरं पान झालं, आणि सगुणाआजी म्हणाली, "आवाज चांगला हाय. पन का झालं?"

तुला वाचता येत होतं, समजत नव्हतं. अजून डिक्शनरी घेऊन बसायचा होतास. तू प्रामाणिकपणे सांगणार होतास की मला माहीत नाही. मी तुला ती नामुष्की येऊ दिली नाही. मी पुस्तक हातात घेतलं. त्यात एकच चित्र होतं. एक पोरगी, एक गाय, आणि मागं भिंतीला टेकून रचलेली मोठी गोल चाकं. तेवढ्यावर मी उभा राहिलो. त्या पोरीचं नाव मार्गरीत ठेवलं. चाकं करणारा एक पोरगा उभा केला, गरीब, बिनबापाचा, पण त्याच्या चाकाची रेंगी बैलगाडी शंकरपटाच्या शर्यतीत कधी हरली नाही. फ्रान्समध्ये धान लावलं. मार्गरीतच्या काकाला दुष्ट केलं. पुढचा आख्खा पावसाळा तू एक पान फ्रेंच वाचायचास आणि मी त्याचा मराठीत अर्थ सांगायचो. कोंडवाड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. फाटकाबाहेर सायकली, सायकलींवर माणसं, माणसांच्या खांद्यावर पोरं. गाई कोंडवाड्यात यायला रडत होत्या. हे शेवटचं जरा जास्त झालं, काढून टाक.

आणि तू घरी डिक्शनरी चाळत होतास. क्लेरबाईनं दिलेली जाड फ्रेंच-इंग्रजी आणि तुझी शाळेतली इंग्रजी-मराठी. फ्रान्सहून केशोरीला येताना प्रत्येक शब्दाला इंग्लंडात गाडी बदलावी लागायची. तरी ते आले. आणि एका आयतवारी तू वाचायला उभा राहिलास, पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "मंडळी, एक खुलासा. ती चाकं नाहीत. ते चीज आहे."



"चीज म्हणजे का गा?" मागून कोणीतरी.

"पनीरचा मोठा भाऊ. हे पुस्तक दुधापासून चीज कसं करायचं त्याचं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

सगुणाआजी म्हणाली, "मंग त्या पोट्ट्याचं का झालं?"

"आजी, पोट्टा पुस्तकात नाही."

"नाई कसा? मांगच्या आयतवारी त्याले ताप होता."

"तो ताप तुळश्यानं आणला."

आजी माझ्याकडं वळली. "उतरला का?"

मी म्हणालो, "उतरते आहे. पण अशक्तपणा आहे."

तू असा चिडलास की तुझ्या मिशा सरळ झाल्या. तू म्हणालास, वाचनालय आहे हे, तमाशा नाही. जे छापलं आहे तेच इथं बोललं जाईल. मी म्हणालो, मग विचार लोकांना, त्यांना चीज पाहिजे की मार्गरीत. तू म्हणालास, खरं काय ते मतावर ठरत नाही. दोघंही बरोबर होतो, म्हणून भांडण मिटेना. शेवटी आजी काठी टेकत उठली. "मनोहर, तू लिवलेलं सांग. अन् हा, जे लिवलं नाई ते सांगंल. दोघं दोन खुर्च्यांवर बसा, म्हंजे आमाले समजंल कोनतं कोनाचं हाय."

दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. उजवी तुझी, डावी माझी. उजवीकडून फ्रेंच आणि मग त्याचा खरा अर्थ, दूध किती तापवायचं, किती वेळ ढवळायचं. डावीकडून मार्गरीतचं लग्न. गावानं दोन्ही घेतलं. मार्गरीतच्या लग्नात लोक रडले, आणि तीन घरांत दूध नासवून चीज करायचा प्रयत्न झाला. एका घरचं तर खरंच जमलं. कुत्र्यानं खाल्लं नाही, पण जमलं.

दुसरं पुस्तक मात्र तुझ्या बाजूनं निघालं. बारीकसं होतं, आणि गोष्टीचंच होतं. नदीकाठचं गाव. एक डोंगा चालवणारा नावाडी आणि त्याची बायको. एक दिवस तो माणसांना पलीकडं सोडायला जाते आणि परत येत नाही. भांडण नाही, पूर नाही. गेला आणि आला नाही. दोन दिवसांनी रिकामा डोंगा काठाला लागते आणि बायको तो हाती घेते. पलीकडचा प्रत्येक माणूस तिला सांगते, मी त्याला इथं पाहिलं, तिथं पाहिलं. ती ऐकून घेते आणि वल्हं मारते.

माझ्या खुर्चीला कामच उरलं नाही. लिहिलेलंच इतकं चांगलं होतं की न लिहिलेलं कोणी मागेना. मी जळलो, आता सांगायला हरकत नाही. सरपंचांनी मोबाईलवर एका पानाचा फोटो काढला आणि मोबाईलमधल्या बाईनं मराठीत वाचून दाखवलं, "नावाडी आपल्या नाकाने नदीची माफी मागतो." सगुणाआजी म्हणाली, "या बाईले तुळश्याची सवय लागली." त्यानंतर कोणी मोबाईल काढला नाही.

गावात एकच विषय. तो येते का नाही येत? बाजारात तुला अडवायचे, "कंडक्टर, पुढं वाचलं असंल तुमी. येते ना तो?" आणि तू, ज्यानं पूर्ण पुस्तक डिक्शनरी लावून आधीच घरी वाचून काढलं होतं, म्हणायचास, "तिकीट शेवटच्या स्टॉपचं आहे. बसून राहा."

मग तो आयतवार आला. एकच प्रकरण राहिलं होतं, दीड पानाचं. तुझं वाचून झालं आणि मला राहवलं नाही. डाव्या खुर्चीवर बसून मी त्या माणसाला बाहेर काढलं. पलीकडच्या काठावर आणलं, एक डोंगा दिला, वल्हं दिलं आणि नदीच्या मधात आणून सोडला. तोंड घराकडं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस.

सगळे गेल्यावर तू म्हणालास, "त्याला नदीच्या मधात कायले आणलंस?"

"येत असेल तर येईल."

"अन् नसंल येत तर?"

"म्हणजे येत नाही?"

 तुला खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे अडचणीत आलास की तू मुका व्हायचास. पुस्तक टेबलावर ठेवलंस, फाटकाला कडी लावलीस, सायकल काढलीस. मी मागून आलो. "मनोहर, फक्त एवढं सांग. येते की नाही?"

"पुढच्या आयतवारी."

"अबे, मला तरी सांग. चाळीस वर्षांचा दोस्त आहे मी."

"म्हणूनच नाही सांगत," तू म्हणालास आणि पायडल मारलंस.

पुढचा आयतवार आला. तू नव्हतास. अटॅकनं तुला एवढंही थांबू दिलं नाही, आणि मला नेहमीसारखं शेवटचं बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी फाटकाशी उभा राहून मी खरं म्हणजे दुसरंच काहीतरी सांगणार होतो. सांगणार होतो, की ही तुझी बारीक कादंबरी चांगली आहे, माझ्या मार्गरीतपेक्षा चांगली आहे. तोंडून निघालं नाही. शेवटचं अक्षर, लिहिलेलं पण न बोललेलं. बघ, तुझं फ्रेंच मला थोडं आलंच.

तुझ्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. कांतावहिनीनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. मला वाटलं, रडणार. मी आवरून गेलो.

"भाऊजी, तो डोंग्यावाला येते का नाई?"

"वहिनी, मनोहरनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"मले कायले सांगते? म्हने, तू पन आयतवारी ऐकजो. घरात पन मले रांगेतच उभं ठेवलं त्यानं." पदरानं हात पुसले. "त्या पुस्तकाचं तोंड अर्धं उघडं ठेवून गेला तो. टेबलावर पडून हाय. मले पाहवत नाई. तुमी पुरं करा."

"करतो ना वहिनी. असा शेवट करतो की—"

"तुमचं नको." तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं. "तुमचं मी लग्न झाल्यापासून ऐकून राहिली. मले लिवलेलं पाहिजे. त्याच्या खुर्चीतलं."

मनोहर, मापात राहणं मला फक्त कपड्यात जमते. टेलरकीत मी एका सुताची चूक केली नाही आणि बाहेर एका सुताचं खरं बोललो नाही. मला फ्रेंच येत नाही. इंग्रजी दहावीला आली होती, ती पण उभ्या-उभ्या. तरी तुझ्या दोन डिक्शनऱ्या घरी आणल्या, मशीन बाजूला सरकवली आणि कातर ठेवतो तिथं पुस्तक ठेवलं. दीड पान. गिऱ्हाईकं येत राहिली, ब्लाउज राहिले, एका नवरदेवाला बिनबटणाच्या सफारीत लग्न लावावं लागलं. मी एकेका शब्दाखाली त्या माणसाला शोधत होतो. घराच्या मागं पाहिलं, पाण्यात पाहिलं, पलीकडच्या झाडाखाली पाहिलं. एका शब्दाला डिक्शनरीत चार अर्थ होते. मी चारही लावून पाहिले. चारही अर्थांत तो नव्हता.

येत नाही तो. शेवटी ती डोंगा काठावर ओढते, उलटा करते, डांबर लावते. एक नवा माणूस येतो आणि विचारतो, हा डोंगा कोणाचा? ती म्हणते, माझा. संपलं.

तू हे मला का सांगितलं नाहीस ते तेव्हा समजलं. मी त्याला मधात सोडला होता ना. तुला माहीत होतं मी त्याला बुडू देणार नाही. आणि पुस्तकातला शब्द तू बदलणार नव्हतास.

मग आयतवार. कोंडवाडा भरला. दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मी उजवीकडं जाऊन बसलो तेव्हा मागं कुजबुज झाली, "तिकडं कायले बसून राहिला?" आधी फ्रेंच वाचलं. तुझ्यासारखंच, देवरीच्या घाटातून. मग अर्थ सांगितला. शेवटच्या वाक्यात एक शब्द मला दोन्ही डिक्शनऱ्यांत सापडला नव्हता. मी तिथं थांबलो आणि म्हणालो, "इथं एक शब्द आहे, तो मला येत नाही," आणि पुढं गेलो. मी रिकामी जागा रिकामी ठेवली. गावानं हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दोघंतिघं काळजीनं उठून उभे राहिले.

"म्हंजे आला नाई," सगुणाआजी म्हणाली.

"नाही आजी."

"पक्कं पाह्यलं?"

"पक्कं."

वहिनी बायांच्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"आता तिकडं बस," कोणीतरी म्हणालं. "न लिवलेलं सांग."

मी उठलो. डाव्या खुर्चीपर्यंत गेलो. मनोहर, माझ्याकडं काही नव्हतं. तो माणूस मी सोडला तिथंच होता, मधात, वल्हं हातात घेऊन माझ्याकडं बघत. मी त्याला ना इकडं आणू शकलो ना तिकडं. तू आत नसलास की मला बाहेर बोलताच येत नाही, हे भर सभेत कळायचं होतं.

वहिनी उठली. पदर खोचला आणि येऊन डाव्या खुर्चीत बसली. "लिवलेलं झालं ना? सरका, भाऊजी."

मी सरकलो.

"तो आला," ती म्हणाली. "भर दुपारी. गुडघ्यापर्यंत वला. जसा पान खायले गेल्ता. सायकल दारात आडवी लावली." नदीकाठच्या त्या गावात सायकल नव्हती. "म्हने, चष्मा कुठं हाय माहा? चष्मा कपाळावर. ती म्हने, कुठं होता इतके दिवस? तो म्हने, वाचून राहिल्तो."

कोंडवाड्याचं टिन उडून जाईल असे लोक हसले. ती हसली नाही. तिनं त्या माणसाला असं झापलं, असं झापलं, की पुढच्या रांगेतल्या नवऱ्यांनी माना खाली घातल्या. गळकं छप्पर काढलं, विसरलेलं मीठ काढलं, पाहुण्यांसमोर फ्रेंचमध्ये नाकातून बोलणं काढलं. मग त्याला हात धुवायला लावले आणि अंबाडीची भाजी आणि भात वाढला. तो दुसऱ्यांदा भात मागेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "मंग तो उठला अन् डोंग्याकडं निंगाला. ती म्हने, थांब. डोंगा आता माहा हाय. तुले पलीकडं जाचं असंल तर बस गपचिप. अन् तिकीट काढ."

मनोहर, तू ऐकलंस ना ते? कंडक्टरला तिकीट काढायला लावलं तिनं. चाळीस वर्षं मी खोटं बोललो, एवढं चांगलं मला एकदाही जमलं नाही.

मी उजव्या खुर्चीत बसलो होतो, पुस्तक मांडीवर. न राहवून हळूच म्हणालो, "वहिनी, हे पुस्तकात नाही."

तिनं वळून पाहिलं नाही. "माहीत हाय. तुमी आतून सांगत राहा."

मग तिनं पुस्तक माझ्या मांडीवरून घेतलं, मिटलं आणि कपाटात ठेवलं, चीजच्या शेजारी. तोंड पुरं उघडलं त्याचं.

त्या आयतवारी कोंडवाड्यात चाळीस माणसं होती. मी मोजली. फाटकापाशी उभं राहून, एकेकावर बोट ठेवून, नीट. एक्केचाळीस म्हणायचं फार मनात होतं.